स्वमग्न मुलासाठी उपचारक आणि शिक्षक निवडताना : विदर्भातील ग्रामीण पालकांसाठी

मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी हाकेला वळून पाहत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, किंवा आलेले चार शब्दही हळूहळू बोलेनासे झाले आहे, अशी शंका घरात आली की पालकांपुढे सल्ल्यांची रांग लागते. अंगणवाडी सेविका जिल्ह्याला जाऊन तपासून घ्या म्हणते, तालुक्याचे डॉक्टर ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे सांगून परत पाठवतात, आजी नवस बोलते, आणि एवढ्यात कोणीतरी मोबाईलवर मोठ्या शहरातील एखाद्या केंद्राची चित्रफीत पाठवतो, जिच्यात सहा महिन्यांत मूल ‘पूर्ण बरे’ झाल्याचे दाखवलेले असते. यांपैकी कोणाचे ऐकायचे आणि कोणाच्या हाती मूल सोपवायचे, एवढ्याच प्रश्नापुरता हा लेख आहे. उपचार सुरू करण्यापूर्वीच तो कशासाठी आहे, परिणाम कसा मोजायचा आणि कधी थांबवायचा हे जो सांगू शकतो, त्याची निवड करावी. ज्याला यांपैकी ‘कधी थांबवायचे’ एवढे सांगता येत नाही, त्याची पदवी कितीही मोठी असली तरी त्याच्याकडे पैसे भरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व मजकूर या एका कसोटीचा विस्तार आहे.

आधी निदान, तेही शक्यतो शासकीय दारातून

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, ही मेंदूच्या विकासाची वेगळी घडण आहे. तिची मूळ लक्षणे, म्हणजे संवादातील आणि सामाजिक देवाणघेवाणीतील अडचण, त्याच त्या कृतींची ओढ, आवाज-स्पर्श-चव यांबद्दलची तीव्र किंवा मंद जाणीव, नाहीशी करणारे कोणतेही औषध आज उपलब्ध नाही. म्हणून मुलासाठी माणसे दोन कामांकरिता शोधायची असतात. पहिले काम शरीराचे : झोप, फिट, बद्धकोष्ठता, रक्तक्षय, ऐकू येणे, अतिचंचलता, स्वतःला इजा करून घेणे. दुसरे काम शिकवण्याचे : संवाद, खेळ, कपडे घालणे, शौचाची सवय, शाळा. ही दोन्ही कामे एकटाच करतो असे सांगणाऱ्यापासून थोडे अंतर राखलेले बरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक, ज्याला गावात सर्वजण आरबीएसकेची गाडी म्हणतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू असून त्यात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा समावेश आहे. पथक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ते ज्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात बसते तेथे आशाताईंच्या मार्फत निरोप देता येतो. तेथून मुलाला जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, पाठवण्याची चिठ्ठी मागावी. पुढच्या पायरीसाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो रुग्णालय आणि एम्स, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचे वैद्यकीय महाविद्यालय, तसेच अकोला, यवतमाळ, चंद्रपूर व गोंदिया येथील वैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि नागपुरात दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्रही आहे. जाण्यापूर्वी बालविकासाची किंवा मनोविकार विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते हे फोन करून विचारावे. एक दिवसाची मजुरी बुडवून गेल्यावर ‘आज नाही, गुरुवारी या’ असे ऐकणे टाळता येते.

निदान करणारा माणूस नीट काम करतो आहे का, हे ओळखण्याची सोपी खूण अशी की तो पालकांना मुलाच्या जन्मापासूनचा इतिहास विचारतो, मुलाला जमिनीवर बसवून खेळताना पाहतो, आणि कानांची तपासणी झाल्याशिवाय शिक्कामोर्तब करत नाही. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाची श्रवण तपासणी, गरज असल्यास ‘बेरा’ चाचणी (आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी), व्हायलाच हवी. आपल्याकडे प्रमाणपत्रासाठी आयएसएए नावाचे ४० प्रश्नांचे मोजमाप वापरतात. त्यात ७० पेक्षा कमी गुण आल्यास ऑटिझम धरला जात नाही आणि १५३ पेक्षा जास्त आल्यास तो तीव्र मानला जातो. पाच मिनिटांत, मुलाला मांडीवरून खालीही न उतरवता झालेले निदान, मग ते ‘आहे’ असो की ‘नाही’, दुसरीकडे पडताळून घ्यावे. ज्या मुलाचे आलेले शब्द गेले आहेत किंवा ज्याला फिट येते, त्याला डॉक्टरांकडे नेण्यास मात्र थांबू नये.

निदानाचा कागद हाती येईपर्यंत शिकवणे थांबवून ठेवण्याचे कारण नाही. प्रमाणपत्राला महिने लागू शकतात. मूल त्या महिन्यांतही वाढतच असते.

पदवी आणि नोंदणी

‘ऑटिझम स्पेशालिस्ट’ ही पदवी नव्हे. ती पाटीवर कोणीही लिहू शकतो. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२ च्या तिच्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्टची, म्हणजे रोजची कामे करायला शिकवणाऱ्या उपचारकाची, नोंदणी राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ‘सर, फाईलमध्ये लिहून ठेवायचा आहे’ एवढे म्हटले तरी पुरते, आणि तो क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर तालुक्याच्या सेतू केंद्रातूनही पाहता येतो. भिंतीवर टांगलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांना, ती परदेशी असली तरी, या नोंदणीची जागा घेता येत नाही. क्रमांक विचारल्यावर जो चिडतो, त्याने आपला निर्णय सोपा केलेला असतो.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितली पाहिजे. गडचिरोली किंवा मेळघाटात नोंदणीकृत वाचातज्ज्ञ आठवड्याला भेटणे कठीण आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. अशा वेळी नोंदणी नसलेला, पण प्रशिक्षित कार्यकर्ता एखाद्या नोंदणीकृत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करत असेल तर ते स्वीकारण्यास हरकत नाही. देखरेख कोणाची, ती महिन्यातून किती वेळा होते आणि त्याची नोंद कोठे राहते, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत.

‘बायोमेडिकल’ म्हणवणाऱ्यांची पारख

शरीराच्या बाजूने चांगला डॉक्टर काय करतो हे आधी पाहू. मूल माती किंवा भिंतीचा रंग खात असेल तर तो रक्तातील लोह आणि शिशाची पातळी तपासतो. मूल चार-पाच पदार्थांपलीकडे काही खात नसेल तर हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, बी-१२ पाहतो. फिट येत असेल किंवा आलेले बोलणे झपाट्याने गेले असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींची तपासणी, सुचवतो. प्रत्येक मुलाला सरसकट नाही. चेहरेपट्टी, कुटुंबाचा इतिहास किंवा बौद्धिक विकासातील विलंब पाहून काही वेळा जनुकीय तपासणी सांगतो, आणि तिच्यातून मुलाचा उपचार बदलण्याची शक्यता कमी असून पुढच्या अपत्याबाबत सल्ला मिळण्याची शक्यता अधिक आहे, हेही आधी सांगतो. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानाचा संसर्ग यांकडे तो मुद्दाम लक्ष देतो, कारण न बोलणारे मूल दुखणे रडून, डोके आपटून किंवा रात्रभर जागून सांगते, आणि ते ‘ऑटिझममुळेच’ म्हणून सोडून दिले जाते. विदर्भात, विशेषतः पूर्वेकडील जिल्ह्यांत, सिकलसेलचे प्रमाण मोठे असल्याने लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक लिहिण्यापूर्वी ‘सिकलसेलची तपासणी झाली आहे का’ असे विचारणारा डॉक्टर आपल्या भागाला ओळखतो असे समजावे.

औषधांचे स्थान मर्यादित, पण खरे आहे. तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करण्याच्या वर्तनासाठी रिस्पेरिडोनला २००६ मध्ये आणि ॲरिपिप्राझोलला २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. ही औषधे बोलणे आणत नाहीत; रिस्पेरिडोनने वजन वाढू शकते, म्हणून लिहून देणाऱ्याने वजन आणि रक्तातील साखर यांवर लक्ष ठेवलेच पाहिजे. झोपेसाठी मेलाटोनिन काही मुलांना उपयोगी पडते. हे सर्व नियमित वैद्यक आहे, त्याला वेगळ्या नावाची गरज भासत नाही.

‘बायोमेडिकल’ या नावाखाली जे विकले जाते ते बहुधा याच्या पलीकडचे असते. शरीरात विष साचले आहे, आतडे गळते आहे, लसीमुळे मेंदूला सूज आली आहे, असे सांगून केसांची, लघवीची, विष्ठेची महागडी तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली जाते आणि अहवालात लाल रंगाचे आकडे येतात. या तपासण्यांतली एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. आधी धातू बाहेर काढणारे औषध देतात आणि मग लघवी तपासतात. असे औषध दिल्यावर कोणाही निरोगी माणसाच्या लघवीत धातूचे प्रमाण वाढलेले दिसते, पण अहवालात त्याची तुलना औषध न घेतलेल्या लोकांच्या आकड्यांशी केलेली असते. कपाशीच्या पट्ट्यात तर ‘फवारणीचे विष मुलाच्या अंगात गेले’ हे वाक्य पालकांच्या मनाला लगेच पटते, कारण फवारणीचे दुष्परिणाम त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असतात. विषबाधेची खरी शंका असेल तर तिचे निदान आणि उपचार वैद्यकीय महाविद्यालयात होतात, आणि ऑटिझमच्या उपचाराशी त्याचा संबंध नाही.

या अहवालांच्या आधारे सुचवले जाणारे किलेशन, म्हणजे औषध देऊन शरीरातील धातू बाहेर काढणे, धोकादायक आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात ते चालू असताना पाच वर्षांचा एक स्वमग्न मुलगा रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून दगावला. शिशासारख्या धातूचे घातक प्रमाण रक्ततपासणीत सिद्ध झाले असेल, तरच आणि तेही रुग्णालयाच्या देखरेखीखाली किलेशनचा विचार होतो. मूळपेशी (स्टेम सेल) उपचारांबाबत आपल्याकडील स्थिती अशी की, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज त्यांचा वापर फक्त मान्यताप्राप्त संशोधनातच करता येतो, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने २०२२ मध्ये ऑटिझमसाठी त्यांची शिफारस करता येत नाही असे म्हटले. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत; म्हणून लाखांचा आकडा सांगून ‘हे संशोधन आहे’ म्हणणारा दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी सांगत असतो. प्राणवायूच्या दाबकक्षाचा ऑटिझमवर उपयोग सिद्ध झालेला नाही. क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब किंवा एनिमा म्हणजे कपडे शुभ्र करण्याच्या जातीचे रसायन मुलाच्या पोटात घालणे होय. ते सुचवणाऱ्याच्या दारात दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि लसींविषयी : गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा १९९८ चा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. धाकट्या भावंडाची लस थांबवायला सांगणारा तज्ज्ञ गोवराला घरात बोलावतो आहे.

आहाराचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण तो निरुपद्रवी वाटतो. गहू आणि दूध बंद केल्याने ऑटिझमची लक्षणे कमी होतात, याचा भक्कम पुरावा नाही. तरीही कोणाला काही काळ करून पाहायचे असेल तर आपल्या घरात ज्वारीची भाकरी आणि भात असताना पाचशे रुपये किलोचे ‘ग्लुटेन-फ्री’ पीठ कुरियरने मागवण्याची गरज नाही. खरी जोखीम दूध, दही, ताक एकदम तोडण्यात आहे. जे मूल आधीच मोजके पदार्थ खाते, त्याच्या पोटात मग कॅल्शियम आणि प्रथिने कोठून येणार, याचे उत्तर आहार बदलणाऱ्याने लिहून द्यावे. गव्हाची किंवा दुधाची खरी ॲलर्जी, सिलिॲक विकार (गव्हातील ग्लुटेन आतड्याला न सोसणे), हे वेगळे विषय आहेत, आणि त्यांच्या तपासण्या निश्चित स्वरूपाच्या आहेत.

आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथिक उपचार घेणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की पुडीत बांधलेले, नाव नसलेले औषध मुलाला देऊ नये. काही रसौषधी आणि भस्मे पारा किंवा शिसे यांपासून बनतात, म्हणून औषधाचे नाव, घटक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक बाटलीवर हवा. फिटचे औषध चालू असलेल्या मुलाचे ते औषध ‘आता याची गरज नाही’ म्हणून बंद करायला लावणाऱ्या कोणाचेही, मग तो वैद्य असो, बाबा असो की घरातील मोठा माणूस असो, ऐकू नये. दर्शन, नवस, अंगारा हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. गोळीची वेळ त्यासाठी चुकवू नये.

आता त्या मूळ कसोटीकडे येऊ. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनाची अमेरिकेत मोठी लाट आली होती. १९९९ मध्ये त्याची नीट चाचणी झाली. निम्म्या मुलांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना मिठाचे पाणी टोचले गेले, आणि कोणाला काय दिले हे पालकांना ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुलांत सुधारणा नोंदली गेली आणि दोहोंत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष कळल्यावरही बहुसंख्य पालकांना ते इंजेक्शन हवेच होते. यात पालकांना दोष देण्यासारखे काही नाही. मूल सहा महिन्यांत सहा महिन्यांनी वाढतेच. मधल्या काळात जे काही चालू असेल, ते औषध असो, पथ्य असो की ताईत असो, त्याला श्रेय मिळते. त्यामुळे ‘आमच्याकडे इतक्या मुलांत फरक पडला’ या वाक्याला, त्यामागे तुलना नसेल तर, पुरावा म्हणून किंमत नाही.

याला घरगुती उपाय म्हणजे वही. कोणताही नवा उपचार सुरू करण्यापूर्वी दोन आठवडे तीन-चार गोष्टी रोज लिहाव्यात : रात्री किती तास झोपला, हाकेला दहापैकी किती वेळा वळला, स्वतःहून किती वेळा काही मागितले, डोके किती वेळा आपटले. उपचार एका वेळी एकच बदलावा, म्हणजे गोळी, पथ्य आणि नवी थेरपी एकाच सोमवारी सुरू करू नये. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीची टक्केवारी आणि तपासणीची तारीख नसेल तर कास्तकार ती पिशवी घेत नाही. मुलासाठी पूरक गोळ्यांची पिशवी घेताना त्याहून कमी चौकशी का व्हावी? डॉक्टरांना सरळ विचारावे : ‘या औषधाने यातली कोणती गोष्ट बदलेल, किती दिवसांत, आणि बदलली नाही तर आपण ते केव्हा बंद करणार?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने सुखावतो. ‘विश्वास ठेवा, वेळ लागतो, मध्येच सोडले तर सगळे वाया जाईल’ असे उत्तर आले तर उठून यावे. तपासणारा, गोळ्या लिहिणारा आणि त्याच गोळ्या काउंटरवरून विकणारा एकच असेल तर ही चौकशी दुप्पट करावी.

शिकवणारा निवडताना

पालकांनी पैसे आणि वेळ प्रामुख्याने या बाजूस घालावा, कारण मुलाच्या रोजच्या जगण्यात दिसणारा बदल बहुतेक वेळा येथून येतो.

पहिल्या भेटीतच एक अट सांगावी : सत्र चालू असताना पालकांना आत बसू द्यावे, किंवा निदान खिडकीतून पाहू द्यावे. ‘आई समोर असली की मूल काम करत नाही’ हे एखाद्या दिवशी खरे असेल. महिनोन्महिने खरे नसते. न बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत बंद दार ही सुरक्षिततेची बाब आहे, आणि मारणे, बांधून ठेवणे, अंधाऱ्या खोलीत बसवणे, जेवण रोखणे ही कोणत्याही थेरपीची पद्धत नाही. मुलाच्या अंगावर वळ दिसला तर स्पष्टीकरण ऐकत बसण्यापूर्वी मूल तेथून काढावे.

आत बसल्यावर काय पाहावे? शिक्षक मुलाच्या आवडीच्या वस्तूपासून सुरुवात करतो का, की मुलाला खुर्चीत दाबून बसवून रंगांची नावे घोकून घेतो. मुलाने केलेल्या छोट्या प्रयत्नाला प्रतिसाद मिळतो का. सत्र संपल्यावर घरी काय करायचे हे पालकांकडून एकदा करवून घेतो का. ध्येये कशी लिहिली आहेत हेही वाचावे. ‘संवाद सुधारणे’ हे ध्येय नव्हे, ती इच्छा झाली. ‘तहान लागल्यावर रडण्याऐवजी पेल्याचे चित्र आईच्या हातात देईल, दिवसातून तीन वेळा, दोन महिन्यांत’ हे ध्येय झाले. ते पूर्ण झाले की नाही हे आजीलाही सांगता येते. चित्रांच्या कार्डांनी मूल बोलायचे थांबते, ही भीती निराधार आहे. उलट मुलाच्या हाताला धरून पाटीवर किंवा मोबाईलवर वाक्ये ‘त्याच्याच मनातली’ म्हणून लिहून दाखवणाऱ्या पद्धती तपासल्या गेल्या आहेत, आणि ते शब्द हात धरणाऱ्याचे असतात असे आढळले आहे.

भाषेबाबत आग्रह धरावा. घरी वऱ्हाडी, झाडी बोली, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते आणि शहरातील थेरपिस्ट ‘मुलाशी फक्त हिंदीत किंवा इंग्रजीतच बोला, नाहीतर गोंधळ होईल’ असे सांगतो, हे वारंवार घडते. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचे नुकसान होते याला आधार नाही. घरातील माणसांनी मुलाशी बोलणेच थांबवले तर नुकसान नक्की होते. थेरपिस्टला गोंडी येत नसेल तर तिने आईकडून वीस शब्द लिहून घ्यावेत. एवढी तयारी नसलेली व्यक्ती मुलाच्या घराला शिकवण्याच्या बाहेर ठेवते आहे.

एबीए, टीच, वाचोपचार, ऑक्युपेशनल थेरपी या नावांची फार चिंता करू नये. एका पद्धतीचा कट्टर पुरस्कर्ता असण्यापेक्षा मुलाप्रमाणे पद्धत बदलणारा माणूस बरा. ‘आठवड्याला चाळीस तास, नाहीतर उपयोग नाही’ हे ऐकून खचण्याचेही कारण नाही. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा वेळा पालकांना मार्गदर्शन केले. पालक-मुलांच्या खेळाच्या चित्रफिती पाहून, मुलाच्या इशाऱ्याला प्रतिसाद कसा द्यायचा हे पालकांना शिकवले गेले, आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. पंधरा दिवसांतून एकदा भेटणारा, पण मधले चौदा दिवस घराला कामाला लावणारा शिक्षक म्हणूनच खेड्यातील कुटुंबाला अधिक उपयोगी असतो.

शाळेचा विषय थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. खाजगी थेरपिस्ट त्यांच्याशी आणि वर्गशिक्षकांशी बोलायला तयार आहे का, हे विचारून घ्यावे.

अंतर, हंगाम आणि पैसा

तज्ज्ञ कितीही चांगला असला तरी जाण्यायेण्यात दोन एसटी आणि अख्खा दिवस जात असेल तर आठवड्याच्या भेटी दिवाळीपर्यंतही टिकत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच सांगावे की पश्चिमेकडे वेचणीच्या आणि पूर्वेकडे रोवणीच्या दिवसांत येणे होणार नाही, मोहफूल किंवा तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरी आजीच असेल, आणि विचारावे की त्या काळासाठी योजना काय. व्हिडिओ कॉलवर पाहायला, आजीला करता येतील अशी दोनच कामे निवडून द्यायला जो तयार होतो, तो महिन्यातून एकदाच भेटला तरी चालतो. ज्याची सगळी थेरपी त्याच्या खोलीतील झोपाळ्यावर आणि रंगीत चेंडूंवरच अवलंबून आहे, त्याचे काम गावात पोहोचत नाही.

शुल्क सत्रागणिक द्यावे आणि पावती घ्यावी. वर्षाचे ‘पॅकेज’ आगाऊ भरल्यास सवलत मिळते, पण थांबण्याचे स्वातंत्र्य जाते. कर्ज काढून, वावर गहाण ठेवून करण्याजोगा ऑटिझमचा कोणताही उपचार अस्तित्वात नाही. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, निघाले की एसटीच्या भाड्यात सवलत मिळते, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण आहे, ज्यात थेरपीच्या खर्चाचाही मर्यादेत समावेश होतो. त्यासाठी पावत्यांवर नाव, तारीख आणि नोंदणी क्रमांक लागतो. पावती न देणारा थेरपिस्ट या कारणानेही महाग पडतो.

तीन महिन्यांनी

तारीख आधीच ठरवून तीन महिन्यांनी वही घेऊन बसावे. ठरवलेल्या ध्येयांपैकी काही जमले असेल तर पुढची ध्येये लिहावीत. काहीच हलले नसेल तर तज्ज्ञ काय म्हणतो याकडे लक्ष द्यावे. तो ध्येय लहान करतो, पद्धत बदलतो, ऐकण्याची किंवा झोपेची पुन्हा तपासणी सुचवतो, तर आणखी तीन महिने द्यावेत. दोष घरच्यांच्या माथी मारतो किंवा आणखी महाग उपचाराचे नाव काढतो, तर सोडावे.

सोडताना भांडण करू नये, कागद घ्यावेत. मूल्यमापनाचा अहवाल, ध्येयांची यादी, तपासण्यांचे मूळ अहवाल आणि चालू औषधांची मात्रेसह चिठ्ठी मागावी. वैद्यकीय नोंदींच्या प्रती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. रिस्पेरिडोनसारखे किंवा फिटचे औषध चालू असेल तर डॉक्टर बदलले म्हणून ते एकदम बंद करू नये. नव्या डॉक्टरांची भेट होईपर्यंत पुरेल इतके औषध घरात आहे का, हे जुनी ओपीडी सोडण्यापूर्वी मोजून घ्यावे.